मोहाडखेड्याची सरासरी

शालिग्रामला आकड्यांचा गर्व होता, आणि खोटं कशाला बोला, तो त्याला शोभतही होता. पारोळ्यापासून दोन कोसांवरच्या मोहाडखेडे दूध संस्थेत तो सात वर्षं टेस्टर होता. सभासद तीस. प्रत्येकाच्या दुधाची फॅट काढायची, वहीत चढवायची, शेवटी तिसांची बेरीज करून तिसांनी भागायचं. ही झाली गावाची सरासरी. दुधाचे कॅन दूध संघात पोचले की तिथे पुन्हा फॅट निघायची, आणि ती शालिग्रामच्या आकड्याशी एखादा पॉइंट, म्हणजे दशांश, इकडेतिकडे करून जुळायचीच. सात वर्षांत कोणी बोट ठेवलं नव्हतं. त्यामुळे गडी चारचौघांत बसला की जरा मान ताठ ठेवूनच बसायचा.

एकोणनव्वदच्या दिवाळीनंतर हे जुळणं बिनसलं. आधी चार पॉइंट कमी, मग आठ, मग दहाच्या वर. शालिग्राम म्हणाला, थंडीचे दिवस आहेत, होईल ठीक. कुठलं काय! जानेवारीत दुधाच्या गाडीच्या ड्रायव्हरने संघाचं पत्र आणून त्याच्या हातात दिलं. तुमच्या वहीत फॅट सहा पॉइंट तीन, तुमच्या कॅनमध्ये पाच पॉइंट दोन. एवढी तफावत कशी? दुधात पाणी आहे की टेस्टर फॅट वाढवून लिहितो? पंधरा दिवसांत खुलासा करावा.

ते टेस्टरचं वाक्य वाचून शालिग्रामच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने आयुष्यात एक पॉइंट वाढवून लिहिला नव्हता, सख्ख्या भावाचासुद्धा नाही. त्याच दिवशी चेअरमन हिलाल नानांनी पंच मंडळी बोलावली, तेव्हा हा आपला घाम पुसत बसला होता. आणि तिथे पंचांतला भटू म्हणाला, "पाणी कोण घालतं ते मला माहीत आहे. धुरपदा अक्का. मी डोळ्यांनी पाहिलंय. कॅनमध्ये दूध ओतलं की मागून पाणी ओतते."

सगळे शालिग्रामकडे वळले. हिलाल नाना म्हणाले, "खरं का रे?"

आता यात एक मेख होती. मोहाडखेड्यात पद्धत अशी की फॅटपुरतं दूध टेस्टरने काढून घेतलं, माप झालं, की सभासदाने आपल्या हाताने दूध कॅनमध्ये ओतायचं. धुरपदाबाई विधवा बाई, दारात एक म्हैस. दूध ओतून झालं की ती किटलीत ओंजळभर पाणी घालायची, खळबळून ते धुवण कॅनमध्ये टाकायची. किटलीच्या कडांना चिकटलेलं दूध मोरीत जाऊ द्यायला तिचं मन व्हायचं नाही. जुन्या बायका तसंच करीत. सात वर्षं शालिग्राम हे रोज बघत होता, आणि ओंजळभर पाण्याला पाणी घालणं म्हणत नाहीत हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

पण त्या दिवशी त्याच्या गळ्याशी आलं होतं. तो म्हणाला, "हो. घालते. मी पाहिलंय."

बस्स. एवढंच बोलला. किती पाणी, कशाचं पाणी, कोणी विचारलं नाही आणि याने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून धुरपदाबाईचं दूध बंद झालं. ती किटली घेऊन दारात उभी राहिली तर भटूने तिला परत पाठवलं. संघाला उत्तर गेलं, त्यावर चेअरमनची सही आणि टेस्टरची सही. दहा-अकरा दिवसांनी, रविवारी सभा, सभेत तिचं नाव सभासद यादीतून काढायचं. एकदा नाव काढलं की पुन्हा घ्यायचं नाही, असा संस्थेचा नियम. आणि गावात दूध घ्यायला दुसरं होतं कोण?

शनिवारी दुपारी शालिग्रामची मुलगी कुंदा धुळ्याहून आली. बी.कॉम. झालेली, मावशीकडे राहून बँकेच्या परीक्षेचा क्लास करत होती. पुढच्या रविवारी जळगावला परीक्षा. एस.टी.तून उतरली ती गाइड बगलेत मारूनच. जेवण झाल्या झाल्या ती ओट्यावर बसली आणि म्हणाली, "आबा, हे 'माहिती पुरेशी आहे का' छाप प्रश्न माझा जीव खातात. दहातले चार चुकतात. तुम्ही बसा बरं समोर."

शालिग्रामचं डोकं उद्याच्या सभेत होतं. पण आकड्याचा विषय निघाला की तो मागे सरणारा नव्हता. "सांग."

"दोन प्रकारचा चहा एकत्र मिसळला. पहिला चाळीस रुपये किलो, दुसरा साठ रुपये किलो. मिश्रण काय भावाने पडेल? खाली दोन विधानं दिलीत. उत्तर काढून द्यायचंच नाही. कोणत्या विधानावरून उत्तर निघू शकतं, एवढंच सांगायचं. पहिलं विधान, पहिल्या चहाची पाकिटं दुसऱ्याच्या तिप्पट होती. दुसरं विधान, दोन्ही चहा वजनाने सारखे होते."

"त्यात काय अवघड? पहिल्यावरूनच निघतं. चाळीस त्रिक एकशेवीस, त्यात साठ, एकशेऐंशी, भागिले चार. पंचेचाळीस."

"आणि दुसऱ्यावरून?"

"दुसऱ्यावरून पन्नास." बोलून गेला आणि त्याची भुवई वर गेली. "मग एक विधान खोटं आहे."

"खोटं नसतं कधी, आबा. दोन्ही खरीच असतात, असा नियम आहे. मीसुद्धा क्लासमध्ये पहिलंच म्हटलं होतं, सर ओरडले. पाकिटं केवढी, ते कुठे सांगितलंय? पहिल्याची पाव किलोची असतील, दुसऱ्याची पाऊण किलोची असतील. तिप्पट पाकिटं असून वजन सारखंच. पाकिटं मोजायची नाहीत, चहा मोजायचा. पहिलं विधान खरं आहे, पण पुरेसं नाही."

शालिग्रामने तोंड फिरवलं. कुंदाला वाटलं, हरले म्हणून रागावले. तिने पान उलटलं, तर त्याने तिच्या हातावर हात ठेवला.

"थांब. तीस माणसं. तिसांची बेरीज, भागिले तीस." तो आपल्याशीच बोलत होता. "मी माणसं मोजतोय, कुंदा."

तो उठला, तरातरा संस्थेत गेला आणि वही घेऊन आला.  संघाच्या पत्रात ज्या दिवसाची फॅट होती त्या सकाळचं पान उघडलं. म्हशीवाले चोवीस, फॅट सातच्या आसपास, दूध माणशी तीन लिटर. आणि दिवाळीनंतर सरकारी योजनेतून ज्यांच्याकडे दोन-दोन जर्सी गायी आल्या ते सहा जण, फॅट साडेतीन, दूध माणशी बारा लिटर. भटू त्यांतलाच.

"चोवीस त्रिक बहात्तर," कुंदा म्हणाली. "सहा बारे बहात्तर. आबा, निम्मं दूध गायीचं आहे! मग लिटरसुद्धा बघायला नकोत. सात आणि साडेतीनच्या बरोब्बर मधे. सव्वापाच."

संघाच्या पत्रात पाच पॉइंट दोन होतं.

दिवाळीआधी गावात सगळ्या म्हशीच होत्या, सगळ्यांचं दूध सारखं, म्हणून माणसं मोजून भागलं होतं. सात वर्षं चुकीच्या रीतीने बरोबर उत्तर येत होतं, आणि हा शहाणा मान ताठ करून हिंडत होता! शालिग्रामला स्वतःची एवढी शरम वाटली की त्याने वही मिटून टाकली.

पण कुंदा सोडते थोडीच. धुरपदा अक्काचं प्रकरण तिने आईकडून ऐकलं होतं. "तुमची फॅट खरी धरली आणि पाण्यानेच ती खाली आली म्हटलं, तर पाणी किती लागेल?"

त्याने मनातल्या मनात केलं. सहा पॉइंट तीनचं सव्वापाच व्हायचं तर एकशे चव्वेचाळीसात दूध एकशेवीसच हवं. "चोवीस लिटर. एका वेळेला."

"अक्काची किटली केवढी आहे?"

"तीन लिटरची," शालिग्राम म्हणाला.

ऊन उतरायच्या आत तो हिलाल नानांकडे गेला. नाना खळ्यात बसून कापसाच्या गोण्या शिवून घेत होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. माणूस हुशार, पहिल्या झटक्यात समजला.

"तुझा हिशोब बरोबर असेल," नाना म्हणाले. "पण संघाला उत्तर गेलं. पाणी घालणारा सभासद सापडला, असं आपण लिहून दिलं. आता काय लिहू? आमच्या टेस्टरला सरासरी येत नाही, म्हणून आम्ही एका बाईला चोर ठरवलं? अरे, गावाची अब्रू काय राहील?"

"नाना, त्या बाईची काय राहील?"

"एका म्हशीची बाई ती. आज ना उद्या म्हैस विकणारच होती. तू गायीवाल्यांची सरासरी गुपचूप नीट लाव, पुढच्या महिन्यापासून जुळायला लागेल, संघ विसरून जाईल." नानांनी सुतळी दातांनी तोडली. "आणि उद्या सभेत बोललास तर ऐकून ठेव. तिचा ठराव पडला की तुझा ठराव मी स्वतः आणीन. टेस्टर बदलावा म्हणून. संस्थेला कोणीतरी एक चुकलेला दाखवावाच लागेल."

परत येताना वाट धुरपदाबाईच्या दारावरून होती. ती ओसरीत ताकाचं मडकं पुढ्यात घेऊन बसली होती. दहा दिवस घरात साचलेल्या दुधाचं तिने तूप कढवलं, आणि ताक गल्लीत वाटायला गेली, तर कोणी घेतलं नाही. पाणी घालणारीचं ताक कोण घेणार? शालिग्रामला बघून ती उठलीसुद्धा नाही. त्याला वाटलं, आत्ताच सांगावं. मग वाटलं, सांगितलं आणि उद्या माझी छाती झाली नाही तर? तो मान खाली घालून पुढे गेला. त्या संध्याकाळी तो जेवणाच्या ताटावर दोनदा कुंदावर उगाच डाफरला, आणि तिसऱ्यांदा डाफरायला तोंड उघडलं तेव्हा कुंदाच म्हणाली, "आबा, माझ्यावर कशाला? मी तर काहीच म्हणत नाहीये." ते खरंच होतं.

रविवारी दहा वाजता संस्थेच्या ओट्यावर सभा भरली. अठ्ठावीस जण आले. धुरपदाबाई पायरीवर एकटी बसली. हिलाल नानांनी ठराव वाचला, आणि कोणाला काही बोलायचं आहे का असं विचारलं, ते शालिग्रामच्या डोळ्यांत बघून विचारलं.

शालिग्राम उठला.  "मला बोलायचंय. पाणी कोणीच घातलेलं नाही. चूक माझी आहे. मी सरासरी चुकीची काढत होतो."

एकच कल्ला झाला. भटू उभाच राहिला. "वा रे वा! भाऊ, तुम्हीच म्हणालात ना पंचांसमोर, मी पाहिलंय म्हणून?"

"म्हणालो. तिने पाणी टाकलेलं पाहिलं, हे खरं. ते किटलीचं धुवण होतं, ओंजळभर. ते मी सांगितलं नाही. माझ्यावर येऊ नये म्हणून सांगितलं नाही."

"आता मुलीने धुळ्याहून येऊन काहीतरी शिकवलं वाटतं," कोणीतरी मागून म्हणालं, आणि हशा झाला.

शालिग्रामने सरासरी समजावायला सुरुवात केली. माणसं, लिटर, फॅट. दोन मिनिटांत त्याच्या ध्यानात आलं की कोणाच्या डोक्यात काही शिरत नाहीये. म्हातारे जांभया द्यायला लागले. नाना म्हणाले, "चला, मतं घेऊ." आता गेलं सगळं हातचं, असं त्याला वाटलं. तेवढ्यात त्याने टेस्टिंगचं टेबल दारातून ओढून बाहेर ओट्यावर आणलं.

"मला पंधरा मिनिटं द्या. मग खुशाल मतं घ्या."

सकाळचं फॅटसाठी काढलेलं दूध बाटल्यांत होतंच. त्याने म्हशीची बाटली उचलली. "ही सात." गायीची उचलली. "ही साडेतीन, भटू, तुझीच. सकाळी तुझ्यासमोर लावली. बरोबर?" भटूने मान डोलावली. शालिग्रामने एका भांड्यात एक पेला हे, एक पेला ते ओतलं, ढवळलं. काचेच्या नळीत ॲसिड घातलं, मिसळलेलं दूध सोडलं, बूच मारून फडक्यात धरून हलवलं. नळी चटका बसेल इतकी तापली. मग यंत्रात घालून दांडा फिरवायला लागला. ओट्यावर फक्त यंत्राची घरघर. दांडा फिरवताना तो मनात म्हणत होता, आज बूच निसटलं किंवा नळीत वर येणारा फॅटचा थर गढूळ आला, तर दुसरी संधी नाही. 

यंत्र थांबलं. त्याने नळी गरम पाण्यात ठेवली, उजेडात धरली, आणि स्वतः न बघता भटूच्या हातात दिली. "तू वाच. मोठ्याने."

भटूने डोळा बारीक केला. नळी फिरवली. पुन्हा बघितली. "पाच," तो म्हणाला. "पाच आणि वर थोडं. सव्वापाच."

"यात पाणी घातलं मी?"

"नाही."

"निम्मं गायीचं, निम्मं म्हशीचं, एवढंच केलं. आपल्या कॅनमध्ये दिवाळीपासून हेच आहे. संघाचं पत्र काय म्हणतं? पाच पॉइंट दोन. आणि ही त्याच दिवसाची संघाची पावती बघा. आपण गाडीत एकशे चव्वेचाळीस लिटर चढवलं, तिथे एकशे चव्वेचाळीसच उतरलं. पाणी घातलं असतं तर दूध वाढलं असतं की नाही? चोवीस लिटर वाढलं असतं! ही पावती रोज माझ्या हातात येत होती, आणि माझ्या डोक्यात हे आलं नाही."

हे मात्र सगळ्यांना कळलं. पावती या हातातून त्या हातात फिरली. जांभया देणारे म्हातारे सावरून बसले. कोणीतरी म्हणालं, "मग बिचारीला उगाच की रे!" भटू खाली बसला आणि पायाने माती उकरायला लागला. नानांनी ठरावाला मतं मागितली, एकही हात वर आला नाही. धुरपदाबाईचं नाव यादीत राहिलं. नाना तिला म्हणाले, "अक्का, वर या. सभासद पायरीवर बसत नाही." ती उठून वर आली, बायकांच्या ओळीत बसली. शालिग्रामने दहा दिवसांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

"आता दुसरा ठराव," नाना म्हणाले. शब्दाला पक्का माणूस. "टेस्टरच्या चुकीमुळे संस्थेची नाचक्की झाली. संघाला काय ते कळवावं लागेल. टेस्टर बदलावा. ज्यांना मंजूर असेल त्यांनी हात वर करा."

हात काही वर जाईना. लोक एकमेकांकडे बघत होते. आत्ताच ज्याने भर सभेत स्वतःच्या तोंडाने चूक सांगितली, त्याच्याविरुद्ध हात वर करायला कोणाचं मन होईना. शालिग्रामला वाटलं, सुटलो बहुतेक. तेवढ्यात बायकांच्या ओळीतून एक हात वर आला. धुरपदाबाईचा.

"अक्का?" नानासुद्धा चपापले.

"शालिग्राम, आज तू खरं बोलना, तुन्हं भलं होवो," ती म्हणाली. अहिराणीतच बोलली, आवाज चढला नव्हता. "पन त्या दिन बी तुले ठावूक व्हतं. मन्ही किटली केवढी शे, हाई बठ्ठा लोकेसपेक्षा तुले जास्ती ठावूक व्हतं. तू खोटं नही बोलना, पन पुरं बी नही बोलना. दहा दिन मन्हं ताक कोनी लिधं नही. आते तुन्ही नळीवर मन्हा भरोसा नही."

शालिग्रामला राग यायला हवा होता. आलाही, क्षणभर. अगं बाई, तुझ्यासाठीच तर उभा राहिलो, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. पण ज्या हक्काने तिचा हात वर आला होता तो हक्क त्यानेच थोड्या वेळापूर्वी तिला राखून दिला होता, आणि ती बोलली त्यात एक पॉइंट कमी-जास्त नव्हता. 

तिच्या मागून शेजारी बसलेल्या भिकुबाईचा हात आला. मग ओट्याच्या कडेचे दोन. मग भटूचाही, मान खाली घालून. मग पटापट.

"मोज रे," नाना सवयीने म्हणाले. संस्थेत काहीही मोजायचं झालं की शालिग्रामच मोजायचा. बोलल्यावर नानांनाच कसंतरी झालं. "राहू दे, मी मोजतो."

"नको. मीच मोजतो."

त्याने धुरपदाबाईपासून सुरुवात केली. ओळीने, बोट करून, एकेक हात. शेवटापर्यंत जाऊन उलटा परत आला, पडताळा घेतला.

"एकोणीस," तो म्हणाला. सभेच्या वहीत आकडा लिहिला, खाली शेवटची सही केली, आणि टेस्टिंगच्या खोलीची किल्ली त्या पानावर ठेवली.